रविवारचे चणे

१२ जुलै, बुधवार

आज भर दुपारी एका जर्मन जोडप्याने माझ्या खानावळीत येऊन रेविथाडा मागितला, म्हणजे आमचे रविवारचे चणे. बुधवारी. अंगावरून समुद्राचं पाणी निथळतंय, माझ्या खुर्च्या ओल्या करून ठेवल्यात, आणि फोनवर कुणा शहाण्याने लिहिलेलं मला वाचून दाखवतायत की ग्रीसमधल्या सिफ्नोस बेटावर गेलात तर हे दहा पदार्थ खाल्ल्याशिवाय परतू नका. मी म्हटलं, रविवारी या. ते म्हणाले, रविवारी आमची बोट आहे. मग बोट चुकवा, मी काय करू.

काबुली चणे शनिवारी संध्याकाळी मडक्यात भरायचे. कांदा, तमालपत्र, तेल, मीठ आणि टाक्यातलं पावसाचं पाणी घालायचं, मडक्याचं तोंड कणकेने बंद करायचं आणि थेओडोसिसच्या भट्टीत पोचवायचं. रात्रभर ते तिथे राहतं. रविवारी चर्च सुटलं की टेबलावर आणून कणीक फोडायची. माझी आई असंच करायची, गावातली प्रत्येक बाई असंच करते. त्या जर्मन बाईने फार गोड आवाजात विचारलं की मंगळवारी भट्टीत ठेवलं तर बुधवारी नाही का होणार. होईल की. जुलैत नाताळही करता येईल, कोण अडवतंय.

माझा मुलगा स्टाथिस धावत आला, त्यांची माफी मागितली आणि त्यांना मस्तेलो दिलं. मस्तेलो म्हणजे आमचं ईस्टरचं मटण, शेपू आणि लाल वाइनमध्ये शिजवलेलं. तेही आता उन्हाळाभर रोज करावं लागतं, कारण त्या दहांत त्याचंही नाव आहे. दोघांनी अर्धं टाकलं. जाताना नवरा स्टाथिसच्या कानात काहीतरी पुटपुटला. खोदून विचारल्यावर कळलं, खारट होतं म्हणे. जन्मभर उकडलेले बटाटे खाल्लेली माणसं, ह्यांना मीठ कळणार.

ही वही मी आजच दुकानातून आणली. घरात बोलायची सोय राहिलेली नाही. तोंड उघडलं की स्टाथिस म्हणतो, आई, बीपी. सून म्हणते, आई, बसा जरा. वही तरी मला बसा म्हणणार नाही.

१६ जुलै, रविवार

आज चणे असे झाले होते की लोकांनी पावाने वाट्या पुसून घेतल्या. त्यात तो टकला इंग्रजही होता, ज्याने शुक्रवारी माझी केपरच्या कळ्यांची कोशिंबीर खारट म्हणून परत पाठवली होती. तोच माणूस, तेच मीठ, तोच माझा हात. शुक्रवारी खारट आणि रविवारी अमृत, असं कसं होईल? मला वाटतं ही मंडळी आठवडाभर पोहतात, खारं पाणी पोटात जातं, मग त्यांना सगळंच खारट लागतं. रविवारी बोटीची वेळ असते म्हणून पोहत नाहीत. स्टाथिसला हे सांगितलं तर तो ताटं उचलत राहिला.

मारूसोही येऊन चार घास खाऊन गेली. खाडीच्या दुसऱ्या टोकाला तिची खानावळ आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो, तेव्हापासून ती माझ्यात खोट काढते आहे. आज म्हणाली, "चणे मऊ आहेत गं फ्लोरेझा, पण कांद्याला तुझा हात सैलच."

कांद्याला हात सैल. स्वतः कांदा इतका कमी घालते की शोधायला चष्मा लागतो.

तिला काय खुपतंय ते मला ठाऊक आहे. यंदा संत ममासचे मानकरी आम्ही आहोत. संताची तसबीर गेल्या सप्टेंबरपासून माझ्या घरात आहे, तिच्यापुढचा दिवा मी एकदाही विझू दिलेला नाही. सणाच्या आदल्या संध्याकाळी ती मिरवत टेकडीवरच्या चर्चमध्ये न्यायची आणि जो येईल त्याला पोटभर जेवू घालायचं. गाव येतं, पलीकडचं गाव येतं, हल्ली बोटीवरून उतरलेलेही येतात. सात वर्षांपूर्वी मान मारूसोकडे होता आणि तिच्या चण्यांचं कौतुक मला अजून ऐकवलं जातं. यंदा तो दिवस शुक्रवारी आलाय, उपवासाचा. म्हणजे मटण नाही. नावाला खारवलेला मासा असेल, पण सगळी भिस्त चण्यांवर. ते बिघडले तर पुढची सात वर्षं तेच ऐकवतील.

२४ जुलै, सोमवार

सुनेने आज माझ्यावर आवाज चढवला. मिर्सिनी मूळची व्होलोसची, बेटाबाहेरची. आवाज कधी चढवत नाही, एवढा एक गुण होता, तोही गेला.

मी स्वयंपाकघरात टोमॅटो किसत बसले होते. ही बाहेरून आली आणि गॅस, गॅस म्हणत दारं-खिडक्या धाडधाड उघडल्या. मला दंडाला धरून अंगणात काढलं. एक शेगडी म्हणे नुसतीच चालू होती, ज्योत नव्हती. वाऱ्याने विझली असेल. ह्या दिवसांत मेल्तेमी वारा सुटला की लोकांच्या टोप्या पार नाक्सोस बेटावर पोचतात, ज्योतीचं काय.

"आई, तुम्हाला वास नाही आला?"

"स्वयंपाकघरात गॅसचाच वास येणार. गुलाबाचा येणार आहे का?"

ती एकदम रडायला लागली. म्हणजे ओरडायचं हिनेच आणि रडायचंही हिनेच. मी तिला पाणी दिलं. खुर्चीही दिली. मग स्टाथिस आला आणि मलाच म्हणाला, काय झालं.

मार्चमध्ये मी आठवडाभर तापाने पडले होते तेव्हा हिने स्वयंपाकघर सांभाळलं. तेव्हापासून तिला वाटतं की ते तिचंच आहे. मी भांड्यावर झाकण ठेवायचा अवकाश, ही चमचा घेऊन हजर. काय चाखतेस म्हटलं की म्हणते, काही नाही, भूक लागली.

२९ जुलै, शनिवार

यंदाच्या लिंबांना वास नाही. सालं किसली, बोटांवर चोळली, काही नाही. दाराजवळच्या तुळशीलाही नाही. पानं हिरवीगार, पण हात फिरवला तर गवत. रोपंवाल्याला भेटून चांगलं सुनावलं की कसलं खत घालतोस. तो म्हणाला, फ्लोरेझाताई, सगळ्या गावाने माझ्याकडूनच नेलंय, तुझीच पहिली तक्रार. सगळं गाव मुकाट सोसतं म्हणून हे लोक माजतात.

चणे भरून थेओडोसिसकडे देऊन आले. परत येताना मिर्सिनी पाण्याचा कॅन घेऊन वर चढताना दिसली. झाडांना घालायला, म्हणाली. आमची झाडं खाली आहेत. टाक्यातलं पाणी ह्या दिवसांत असं उधळायचं म्हणजे काय. पण आज उपदेश करायचा नाही असं सकाळीच ठरवलं होतं, म्हणून गप्प बसले.

६ ऑगस्ट, रविवार

चणे उत्तम. लिहून ठेवते, कारण पुढचं वाचल्यावर कुणालाही वाटेल की मी म्हातारी कामातून गेले.

जेवणं आटोपल्यावर स्टाथिस माझ्यासमोर बसला. हात टेबलावर एकमेकांत गुंतवून बसला की ओळखावं, बायकोने पढवून पाठवलंय. म्हणाला, अथेन्सला एक डॉक्टर आहे, नाक-कान-घशाचा, आपण दोन दिवस जाऊन येऊ.

मी विचारलं, माझ्या नाकाला काय झालंय? बापासारखं सरळ आहे.

"आई, तुला वास येतो का गं? खरं सांग."

"येतो. तुझ्या बायकोच्या कारस्थानाचा येतो."

तो उठून गेला. मला वाईट वाटलं, पण थोडंच. ऑगस्टचा पहिला आठवडा, टेबलं भरलेली, सण तोंडावर, आणि ह्यांना मला बोटीत बसवून अथेन्सला न्यायचंय. मी गेले की मागे स्वयंपाकघरात कोण उभं राहणार ते मला सांगायला नको.

ताप गेल्यापासून जेवण बेचव लागतं, हे खरं आहे. पण ह्या वयात कुणाला चविष्ट लागतं? माझी आई शेवटी शेवटी नुसता पाव दुधात बुडवून खायची.

२० ऑगस्ट, रविवार

माझ्या मडक्याला कुणीतरी हात लावलाय.

मी कणीक लावते ती अंगठा आणि तर्जनीने चिमटे घेत घेत, कडेने सगळीकडून. आईने शिकवलेली रीत आहे. भट्टीत ते चिमटे करपून काळे होतात आणि उघडताना एकेक निघतो. आज मडकं टेबलावर ठेवलं, सुरी हातात घेतली आणि बघते तर कणीक सपाट. एका बोटाने सारवून टाकल्यासारखी. मडकं माझंच, कानावरचा टवका माझाच. कणीक माझी नाही.

लोक समोर वाट्या घेऊन बसलेले, म्हणून फोडून वाढले. सगळ्यांनी वाखाणले. मला एक घास गिळवला नाही.

२१ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच भट्टीवर गेले. थेओडोसिस लाकडं रचत होता. मी सरळ विचारलं की माझ्या मडक्याला कुणी हात लावला. तो लाकडांशीच बोलला, मी भट्टीवाला, मडकं आलं की आत, झालं की बाहेर.

"संत ममास माझ्या घरात आहेत. त्यांच्या तसबिरीपुढे उभं राहून हेच सांगशील?"

त्याने क्रूसाची खूण केली आणि खाली बसला. मग सांगितलं. दर शनिवारी मी मडकं देऊन गेले की मिर्सिनी येते. मे महिन्यापासून. कणीक काढते, आतलं पाणी ओतून देते, चणे एकदा विसळते, कॅनमधलं ताजं पाणी आणि घरून आणलेलं तेल-मीठ घालते, चाखते, पुन्हा तोंड बंद करते. आधी ती माझ्यासारखे चिमटे घ्यायची, परवा उशीर झाला म्हणून नुसतं सारवलं.

"आणि तू बघत बसतोस?"

"ताई, रविवारी तेच चणे मीही खातो."

ह्याचा अर्थ काय, मी विचारलं नाही. मी घातलेलं पाणी, कांद्याचा सगळा रस, माझं तेल गटारात ओतायचं आणि वरून आपलं ठेवायचं. तीन महिने लोक माझ्या तोंडावर वा वा करतात आणि खाताहेत हिच्या हातचं. उद्या ही सगळ्यांना सांगेल, बघा, म्हातारीला कळलंसुद्धा नाही.

घरी जाऊन तिला विचारलं. नाही म्हणाली नाही, एवढं खरं. म्हणाली, "मला तुमचं नाव जायला नको होतं, आई."

"नाव माझं आहे. त्याची राखण करायला तुला कुणी ठेवलंय?"

आजपासून तिने चुलीजवळ यायचं नाही. टेबलं पुसायची, बिलं करायची. स्टाथिसने मध्ये तोंड घातलं तेव्हा त्यालाही सांगितलं की तुलाही बाहेरच काम आहे.

२७ ऑगस्ट, रविवार

काल मडक्याबरोबर मी स्वतः भट्टीवर बसून राहिले, दार बंद होईपर्यंत. आज मडकं उघडलं, चिमटे सगळे जागेवर. किती दिवसांनी माझ्या हातचे चणे माझ्या टेबलावर आले.

लोक कमी जेवले. ऊन फार आहे. दोन टेबलांनी वाट्या अर्ध्या ठेवल्या, बाहेरगावचे होते. बंदरावरचा म्हातारा झाफिरिस मात्र सगळं संपवून पाण्याची अख्खी सुरई प्यायला आणि माझ्या हाताची पापी घेऊन गेला. हे त्याने आजवर कधी केलेलं नाही. वाइन जास्त झाली असेल.

स्टाथिस पुन्हा आला. ह्या वेळी बसला नाही, उभ्यानेच बोलला. म्हणाला, तुला आमच्यावर चिडायचं तर चीड, पण शुक्रवारी सगळं गाव जेवणार आहे. कणीक लावण्याआधी मिर्सिनीला एकदा चाखू दे. एक चमचा, बाकी काही नको. "तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय, आई. तुझं मीठ चुकतंय."

माझं मीठ चुकतंय. त्याला ह्याच मिठावर वाढवला.

मी म्हटलं, एक चमचा म्हणजे काय ते मला मे महिन्यापासून कळलंय. तुझ्या बायकोला मान हवा असेल तर पुढच्या वर्षी तिने स्वतः तसबीर घरी न्यावी.

३१ ऑगस्ट, गुरुवार

मडकी भरून झाली. मारूसोने आपली दोन मोठी मडकी न मागता पाठवली. उपकार करायची ही कोणती तऱ्हा? धुऊन घेतली आणि वापरली, इलाज नव्हता.

मीठ घालताना एकदा हात थांबला. खरं ते लिहिते. स्टाथिसचे शब्द कानात बसले होते. मडक्यातल्या पाण्यात चमचा बुडवून चाखलं. काहीच लागलं नाही. म्हणजे कमीच होतं. आणखी एकेक मूठ टाकली आणि मन शांत झालं. बघा, दुसऱ्याचं ऐकलं असतं तर उद्या सगळ्या गावाला अळणी वाढलं असतं.

भट्टीवर मी खुर्ची टाकून बसले. थेओडोसिस मडकी आत सरकवत होता. रस्त्यापलीकडे भिंतीला टेकून मिर्सिनी उभी होती. पायाशी कॅन. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. तिने मान हलवली, विनंती केल्यासारखी. मी थेओडोसिसला म्हटलं, दार लाव. त्याने भट्टीचं दार लावून फटी मातीने बुजवल्या. ती कॅन उचलून घरी गेली.

एवढ्या वेळात एकदाही तिचा राग आला नाही, हेच मला आवडलं नाही.

२ सप्टेंबर, शनिवार

काल संध्याकाळची हकिगत.

तसबीर स्टाथिसने उचलली, मी मागे दिवा घेऊन. टेकडीवर प्रार्थना झाली आणि लोक शेजारच्या लांब खोलीत दगडी टेबलांशी बसले. पहिली पंगत गच्च. पाद्री लेओनिदास वरच्या जागी, पलीकडे झाफिरिस, मधोमध मारूसो, तिच्या शेजारी बोटीवरून आलेली एक फ्रेंच मुलगी. मडकी आली, मी स्वतः एकेकाची कणीक फोडली, वाफ उठली, वाढलं.

पाद्रीने पहिला घास घेतला. चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग चमचा पुन्हा उचलला. घास संपवून म्हणाला, "फ्लोरेझा, तुझ्या हातांना आयुष्य लाभो."

त्याच्या मागोमाग सगळी पंगत तेच म्हणाली. आणि मग शांतता. सणाला आमच्याकडे नुसता गोंगाट असतो, व्हायोलिन सुरू होण्याआधीच लोक गायला लागतात. काल नुसते चमच्यांचे आवाज. प्रत्येक जण खाली मान घालून खात होता. मला अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू. चांगलं जेवण असलं की माणसं गप्प होतात.

पाणी मात्र फार लागलं. एवढं पाणी पिणारी पंगत मी पाहिली नाही. सुरया फिरत होत्या, मिर्सिनी भरून भरून आणत होती, चर्चचं टाकं तळाला गेलं. ह्या लोकांना वाइन ठेवली होती, ती कुणी हुंगली नाही.

फ्रेंच मुलगी पहिल्याच घासाला खोकली आणि तिने वाटी लांब सरकवली. मारूसोने ती परत तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "खा, पोरी. इथे कुणी टाकत नाही." मुलीला काय कळणार, तिने चमचा उचलला नाही. तेव्हा मारूसोने ती वाटी स्वतःकडे ओढली आणि तीही संपवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण शेवटच्या चण्यापर्यंत खाल्लं. उठताना माझ्याजवळ आली, माझा खांदा दाबला आणि म्हणाली, "छान झालेत गं."

पुढच्या पंगतीही तशाच. एक दाणा उरला नाही म्हणायला हरकत नाही, एका मडक्याच्या तळाशी थोडे होते ते घरी आणले. एवढं यश माझ्या आईलाही मिळालं नसेल.

मारूसो कांद्याबद्दल काही बोलली नाही.

३ सप्टेंबर, रविवार

मारूसो कांद्याबद्दल काही बोलली नाही. चर्चमध्ये उभी होते, पाद्री घसा बसल्यामुळे अर्धीच प्रार्थना म्हणत होता, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येईना. माझ्या लग्नात तिने माझ्या बुटांना नावं ठेवली होती. माझ्या नवऱ्याच्या दफनानंतर माझ्या कॉफीला नावं ठेवली होती. ती बाई छान झालेत गं म्हणते आणि परक्या पोरीची वाटीसुद्धा संपवते.

घरी आले. मडक्यातले उरलेले चणे वाटीत काढले आणि बसून खाल्ले. कसे लागले ते इथे लिहायचं ठरवलं होतं. मऊ लागले. गार लागले. पुढे लिहायला काही सापडेना.

मग लिंबू चावलं. कच्चा कांदा चावला. कॉफीच्या डब्यात तोंड घातलं. माशांच्या आतड्यांची बादली, जिच्याजवळून मांजरंसुद्धा नाक मुरडून जातात, तिच्यावर ओणवी झाले. शेवटी सिरक्याची बाटली नाकाशी धरली. डोळ्यांत पाणी आलं. वास नाही आला.

तशीच खाडीच्या त्या टोकाला गेले. मारूसो वांगी सोलत होती. मी दारातच विचारलं, चणे कसे होते, खरं सांग.

"समुद्रासारखे."

"मग खाल्लेस का?"

"तू वाढलेस म्हणून. नाही खाल्ले असते तर पंगत उठली असती, एकामागोमाग सगळी." ती वांगंच सोलत राहिली. "तुझ्या नाकाचं गावाला ईस्टरपासून माहीत आहे, फ्लोरेझा. ईस्टरचं मटण आम्ही कसं गिळलं ते आम्हालाच ठाऊक."

"माझ्या तोंडावर एकाने सांगितलं नाही."

"स्टाथिसने सांगितलं ना? त्याला काय म्हणालीस?"

मी तिला नको ते बोलले. सगळ्यांना बोलले. गावभर लोक मला रस्त्यात भेटतात, कशी आहेस विचारतात आणि आपापसांत ठरवून माझं खारट खातात. झाफिरिस माझ्या हाताची पापी घेतो. पाद्री, देवाचा माणूस, तसबिरीसमोर खोटं बोलतो. मला कुणाची दया नको होती. मला मीठ कळायला हवं होतं. साठ वर्षं दुसरं काही केलं नाही मी, एवढंच येतं मला, आणि तेच गेलंय, आणि ते सगळ्यांना माझ्याआधी कळलं.

मारूसोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बस, जेवून जा. जेवले. वांग्यांत काय होतं, देव जाणे.

६ सप्टेंबर, बुधवार

स्टाथिस आणि मी अथेन्सहून परत आलो. डॉक्टर तरुण आहे, हात स्वच्छ आहेत. बाटल्या हुंगवल्या, नाकात दिवा घातला. म्हणाला, तापामुळे असं होतं, वास परत येईल किंवा येणार नाही. एवढं सांगायला माणसाला किती वर्षं शिकावं लागतं कोण जाणे. रोज लवंग, लिंबू वगैरे हुंगत बसायचं, असा उपाय आहे.

बोटीवर स्टाथिस माझा हात धरून बसला होता. मी काढून घेतला नाही. घरी मिर्सिनीने सूप केलं होतं. मी चुलीजवळ गेले नाही, ती टेबलाजवळ आली नाही. सूप गरम होतं.

रविवारच्या मडक्याचं काय, हे दोघांपैकी कुणी विचारलं नाही. त्याचाही मला राग आला.

९ सप्टेंबर, शनिवार

सकाळभर ठरवत होते की चणे भिजवलेच नाहीत असं सांगायचं. पण ते कालच भिजवले होते, हात आपोआप करतात. फुगून टपोरे झाले होते. टाकून देणं जमलं नाही.

मडकं भरलं. कांदा घातला, माझ्या हिशेबाने, तो मला अजून डोळ्यांनी कळतो. तेल, तमालपत्र, पाणी. मिठाची बरणी हातात घेतली आणि तिथेच उभी राहिले. बाहेर मिर्सिनी टेबलं पुसत होती, एकच टेबल कितीदा पुसते ही. मी हाक मारली. ती आली आणि दारात थांबली, उंबरठ्याच्या बाहेर, मी घालून दिलेल्या हद्दीवर.

मी म्हटलं, "आत ये. चमचा घे."

अर्धी मूठ टाकली, ढवळलं. तिने चाखलं. म्हणाली, थोडं अजून. टाकलं. पुन्हा चाखलं, म्हणाली, अगदी चिमूटभर. मी विचारलं, नक्की? ती म्हणाली, नक्की, आई. मग तिने नजर वळवली, कारण तिचे डोळे भरले होते आणि मला ते चालत नाही हे तिला माहीत आहे.

कणीक मी लावली, चिमटे घेत. अर्धा भाग तिला लावू दिला. तिचे चिमटे जाडे आहेत, पण ते शिकवता येईल.

चाखताना मी तिच्या तोंडाकडेच बघत होते. आता माझ्या चण्यांची चव मला तिथेच बघावी लागणार आहे, तिच्या ओठांवर आणि भुवयांत, दर शनिवारी. तिला बजावून ठेवलंय की मला बरं वाटावं म्हणून एकदा जरी खोटं तोंड केलंस, तर मडक्यासकट घराबाहेर काढीन.